तीन दिवसांची परीक्षा

२०२४ सालच्या मार्च महिन्यातील तिसरा रविवार. बोर्डाच्या परीक्षांची धामधूम ओसरत आलेली, आणि सकाळच्या चहाचा दुसरा पेला हाती घेऊन आम्ही अंगणात निवांत बसलेलो. इतक्यात फोन वाजला. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतील रॅले या गावाहून बोलत होता. तेथे अर्थातच शनिवारची रात्र होती. ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता. नमस्कार-चमत्कार झाला न झाला तोच तो म्हणाला, "सर, सदतीस वर्षांनी जिंकलो!"

कोण जिंकले, काय जिंकले, याचा आम्हांस काही केल्या उलगडा होईना. सदतीस वर्षांपूर्वी हा गृहस्थ आमच्या इंदुरातच होता आणि नाक पुसत बालवर्गात जात होता. त्याने कोणती लढाई तेव्हापासून चालू ठेवली असेल? मग हळूहळू उलगडा झाला. ज्या विद्यापीठात त्याने पदव्युत्तर शिक्षण घेतले, त्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटाची, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची, हंगामाअखेरची स्पर्धा १९८७ नंतर प्रथमच जिंकली होती. ज्या विजयाची वाट या गड्याने स्वतः फार तर वीस वर्षे पाहिली असेल, त्याची उरलेली सतरा वर्षे त्याने गावाकडून उसनी घेतली होती.

वाचकहो, याच विद्यार्थ्याकडून १९९६ च्या मार्चमध्ये, विश्वचषकाचे क्रिकेट सामने चालू असताना, आम्ही एक ट्रान्झिस्टर जप्त केला होता. आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो आणि नव्या शिक्षकाच्या अंगी असते ती सारी करडी शिस्त आमच्या अंगी होती. ट्रान्झिस्टर आम्ही निकालाच्या दिवशी परत केला, त्याच्या वडिलांच्या देखत. तो प्रसंग आम्ही विसरलो होतो. तो विसरला नव्हता. त्या रविवारी बोलता बोलता म्हणाला, "सर, इथल्या शाळांत एके काळी ह्या स्पर्धेच्या दिवशी मास्तरच वर्गात टेलिव्हिजन ढकलत आणीत, माहीत आहे?"

आम्हांस माहीत नव्हते. विश्वासही बसला नाही. तेव्हा त्याने पुढील काही महिन्यांत पुस्तके पाठविली, कात्रणे पाठविली, आणि आम्ही मुख्याध्यापकी सवयीने टाचणे काढीत ती वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवीत आहोत. वर्गातल्या टेलिव्हिजनची हकीकत खरी निघाली, हे आधीच कबूल करून टाकतो.

आधी थोडे व्यवस्थेविषयी. बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात काय खेळवावे या विवंचनेतून निर्माण केला. एका शिक्षकाचा हा शोध, म्हणून आम्हांस त्याचा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ आपापसांत गट करून खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर गटातील प्रत्येक संघ इतरांशी आळीपाळीने खेळतो आणि त्यावरून क्रम लागतो. आपल्याकडच्या कोणत्याही समंजस माणसास वाटेल, की जो पहिला आला तो विजेता. ढोल वाजवा आणि घरी जा. परंतु नाही. हंगाम संपल्यावर गटातील संघ एका गावी जमतात आणि बाद पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून खेळतात. एकदा हरला तो बाहेर. हिवाळाभरातील सारे विजय एका पारड्यात आणि तीन दिवस दुसऱ्या पारड्यात, आणि जड ठरते ते दुसरे.

हा खटाटोप कोणी आणि का सुरू केला? गंमत अशी, की अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा जन्म बास्केटबॉलसाठी झालाच नाही. दक्षिणेकडील विद्यापीठांची सदर्न कॉन्फरन्स नावाची जुनी आणि अवाढव्य संघटना होती. तिची सभासदसंख्या सतरावर गेली होती. १९५१ मध्ये तिने आपल्या सभासदांस हंगामोत्तर फुटबॉल सामने खेळण्यास मनाई केली. मेरिलँड आणि क्लेमसन या दोघांनी हुकूम मोडला, शिक्षा भोगली, आणि कुरबुर वाढत गेली. अखेर ८ मे १९५३ रोजी ग्रीन्सबरो शहराजवळच्या सेजफील्ड येथील एका विश्रामगृहात सात विद्यापीठांनी जुन्या घरातून वेगळी चूल मांडली. क्लेमसन, ड्यूक, मेरिलँड, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट ही ती सात. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनिया आठवे झाले. जुन्या घरातून निघताना माणूस जसा आजीचा पाटा-वरवंटा बरोबर नेतो, तशी या मंडळींनी सदर्न कॉन्फरन्सची एक चाल बरोबर आणली: वर्षाअखेरची बास्केटबॉल स्पर्धा. देशातील इतर बहुतेक गट तेव्हा हंगामातील पहिल्या संघालाच विजेता मानीत. येथे मात्र ठरले, की स्पर्धा जिंकेल तोच विजेता, आणि राष्ट्रीय स्पर्धेला गटातर्फे तोच जाईल. दुसरा कोणीही नाही. कारण त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत एका गटातून एकच संघ घेत असत.

या एका वाक्यात पुढच्या वीस वर्षांचे सारे हर्षविषाद भरले आहेत.

पहिली स्पर्धा १९५४ मध्ये रॅले येथे, स्टेट विद्यापीठाच्या रेनॉल्ड्ज कोलिझियम या सभागृहात झाली. या इमारतीचा पोलादी सांगाडा महायुद्धाच्या काळात अर्धवट उभा होता. ती पुरी झाली १९४९ मध्ये. तिच्यात बारा हजारांहून अधिक माणसे बसत. ती इतकी मोठी व्हावी असा हट्ट धरणारा गृहस्थ म्हणजे स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस. इंडियाना प्रांतातील हायस्कुलांत हा मनुष्य वर्षानुवर्षे मुलांना खेळ शिकवीत होता; १९४६ मध्ये तो रॅलेला आला आणि तंबाखू व फुटबॉल यांपलीकडे फारसे काही न जाणणाऱ्या त्या मुलखाला त्याने बास्केटबॉलचे वेड लावले. पहिल्या तिन्ही स्पर्धा त्याच्याच संघाने जिंकल्या. १९५४ चा पहिला अंतिम सामना वेक फॉरेस्टविरुद्ध जादा वेळात ८२-८० असा सुटला. यजमानाच्याच अंगणात स्पर्धा, आणि यजमानच विजयी! पंक्तीत वाढप्याने आपलेच ताट आधी भरावे तसा हा प्रकार पाहुण्यांना खुपत असणार. तरीही १९६६ पर्यंत स्पर्धा रॅलेलाच भरत राहिली.

एव्हरेट केसविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. स्पर्धा जिंकल्यावर खेळाडूंनी शिडीवर चढून बास्केटची जाळी कात्रीने कापून घ्यावयाची, ही आज साऱ्या अमेरिकेत रूढ झालेली चाल त्याने इंडियानातून आणली. १९६४ च्या अखेरीस असाध्य आजाराने त्याला काम सोडावे लागले. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या जुन्या संघाने बलाढ्य ड्यूकला ९१-८५ असे हरवून स्पर्धा जिंकली. एरवी राखीव बाकावर बसणाऱ्या लॅरी वर्स्ली या खेळाडूने त्या दिवशी ३० गुण केले. सामना संपल्यावर मुलांनी आजारी केसला खुर्चीजवळून उचलून खांद्यावर घेतले आणि जाळीचा धागा त्याच्या हातून कापविला. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, तो वारला. त्याला मूलबाळ नव्हते. मृत्युपत्रात त्याने आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण ठेवली होती. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारे पारितोषिक आजही त्याच्याच नावाचे आहे. शिक्षकाच्या पेशात इतके भाग्य किती जणांच्या वाट्यास येते?

आता त्या तीन दिवसांच्या तलवारीकडे वळू. १९५७ साली चॅपेल हिलचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ हंगामभर एकही सामना हरला नव्हता. तरीही उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्टने, ज्यांना त्यांनी त्याच हंगामात तीनदा हरविले होते त्यांनीच, शेवटच्या मिनिटात एका गुणाची आघाडी घेतली. हरले असते तर अजिंक्यपद सोडाच, राष्ट्रीय स्पर्धेचे दारही बंद झाले असते. लेनी रोझेनब्लूथने पाठमोरे वळून चेंडू टाकला, तो आत गेला, वर पंचांनी प्रतिस्पर्ध्याची चूक दिली, आणि सामना ६१-५९ असा वाचला. पुढे याच संघाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात विल्ट चेंबरलेनच्या कॅन्सस संघाला तीनदा जादा वेळ खेळून ५४-५३ असे नमविले आणि ३२ विजय, शून्य पराभव असा हंगाम पुरा केला. राष्ट्रीय स्पर्धेतील हे शेवटचे सामने सी. डी. चेस्ली नावाच्या एका उद्योगी माणसाने नॉर्थ कॅरोलायनातील घरोघरी टेलिव्हिजनवर दाखविले. लोक रात्री उशिरापर्यंत जागले. पुढच्याच वर्षापासून चेस्लीने या गटाचे सामने नियमाने दाखविण्यास आरंभ केला, आणि मग ही स्पर्धा खेळ न राहता सण झाली.

सणाच्या दिवशी शाळा कशी चालावी? स्पर्धेचे पहिले सामने शाळेच्या वेळातच सुरू होत. मुलांचे लक्ष फळ्यावर नाही हे पाहून नॉर्थ कॅरोलायनातील मास्तरांनी शहाणपणाचा मार्ग धरला. दृक्‌श्राव्य शिक्षणासाठी चाकांच्या घडवंचीवर ठेवलेला टेलिव्हिजन वर्गात आणावयाचा आणि सर्वांनी मिळून सामना पाहावयाचा. त्या प्रांतातील आजच्या प्रौढांच्या बालपणाची ही ठरलेली आठवण आहे. आम्ही हे वाचून बराच वेळ स्वस्थ बसलो. आमच्या मनात त्या ट्रान्झिस्टरची खुडबुड चालू होती, हे कबूल केले पाहिजे. तथापि त्या मास्तरांना निदान एक सोय होती: त्यांच्याकडे टेलिव्हिजन होता. आमच्या शाळेत त्या काळी एकच खडूची पेटी तीन वर्गांत फिरत असे.

तिकिटांचीही एक कथा आहे. स्पर्धेची लोकप्रियता इतकी वाढली, की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक वर्षे सामान्य माणसास तिकीट विकत मिळतच नसे. तिकिटे विद्यापीठांत वाटली जात आणि तेथून ती देणगीदारांकडे जात. जो तालेवार, तो आत. बाकीच्यांनी टेलिव्हिजन पाहावा. हा प्रकार आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित वाटू नये.

खेळ सदैव रंगतदार होत असे, असेही नाही. १९६८ च्या उपांत्य फेरीत स्टेट आणि ड्यूक यांचा सामना १२-१० असा सुटला. हे छपाईची चूक समजू नये. चाळीस मिनिटांत दोन्ही मिळून बावीस गुण! चेंडू किती वेळात टाकलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता. ड्यूकचे उंचेपुरे खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसल्यावर स्टेटने चेंडू हातात धरून ठेवला आणि त्यांनी बाहेर येण्याची वाट पाहिली. ते आले नाहीत. पूर्वार्ध ४-२ असा संपला. दोन्ही संघांचे प्रशिक्षक, नॉर्म स्लोन आणि व्हिक ब्युबस, एकाच गुरूचे, एव्हरेट केसचेच, शिष्य होते. दुसऱ्या दिवशी चॅपेल हिलने याच स्टेटला ८७-५० असे झोडपून काढले, तेव्हा प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले असेल.

आता १९६९. येथे थोडे थांबले पाहिजे. आरंभी हा सारा गट गोऱ्यांचा होता. दक्षिणेतील त्या विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. स्पर्धा सुरू होऊन दहा-अकरा वर्षे लोटल्यावर, १९६५-६६ च्या हंगामात, मेरिलँडच्या बिली जोन्सने ही भिंत प्रथम ओलांडली. त्यानंतर चॅपेल हिलचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी चार्ली स्कॉट या तरुणास शिष्यवृत्ती देऊन आणले. त्या विद्यापीठातील शिष्यवृत्तीधारक कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून तो पहिलाच. परक्या गावच्या सभागृहांतून त्याला काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. १९६९ चा अंतिम सामना ड्यूकशी होता. मध्यंतरास चॅपेल हिल मागे पडले होते. उत्तरार्धात स्कॉटने एकट्याने २८ गुण केले. सामन्यात एकूण ४०. संघ ८५-७४ असा जिंकला. पण त्या वर्षी गटातील सर्वोत्तम खेळाडूचा मान वृत्तपत्रकारांच्या मतांनी त्याला मिळाला नाही. साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोशला मिळाला. रोशही मोठा खेळाडू होता, याबद्दल वाद नाही. परंतु काही मतदारांनी स्कॉटचे नाव गटातील पहिल्या पाच खेळाडूंतही घातले नव्हते. इतका आंधळेपणा केवळ डोळ्यांच्या दोषाने येत नाही.

याच जॉन रोशच्या वाट्यास पुढच्या वर्षी जे आले, ते वाचून मात्र आम्हांस त्याचीही कणव आली. १९७० मध्ये साउथ कॅरोलायनाचा संघ गटातील चौदाच्या चौदा सामने जिंकून पहिला आला. प्रशिक्षक होते फ्रँक मॅग्वायर, १९५७ च्या चॅपेल हिलचे तेच शिल्पकार. त्यातून राष्ट्रीय स्पर्धेचा पूर्व विभागाचा टप्पा त्या वर्षी त्यांच्याच कोलंबिया शहरी, त्यांच्याच सभागृहात व्हावयाचा होता. मांडव घालून तयार होता. फक्त नवऱ्या मुलाने यावयाचे बाकी होते. उपांत्य सामन्यात रोशचा घोटा दुखावला. अंतिम सामन्यात स्टेटने खेळ मंदावला, दोनदा जादा वेळ झाला, आणि साउथ कॅरोलायना ४२-३९ अशी हरली. तीन महिन्यांत गटातल्या कोणाकडून न हरलेला संघ घरी बसला आणि त्याच्याच मांडवात दुसऱ्यांची लग्ने लागली.

येथे आम्हांस आमच्या शाळेतील एक मुलगी आठवते. नाव सांगत नाही. सहामाही, चाचण्या, प्रात्यक्षिके, सर्वांत पहिली. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात तिला विषमज्वर झाला. ती तापातच येऊन बसली आणि दोन विषयांत जेमतेम पार झाली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती वार्षिक गुणांवरच द्यावयाची, असा नियम होता. आम्ही वरच्या कचेरीस दोन पत्रे लिहिली. नियमात बसत नाही, असे उत्तर आले. शिष्यवृत्ती ज्या मुलास मिळाली, तोही नेकीने अभ्यास करणारा होता. त्याच्याकडून काढून घ्यावी असे काही नव्हते. तिसरे पत्र आम्ही लिहिले नाही. लिहावयास हवे होते, असे हल्ली वाटते.

साउथ कॅरोलायनाने मात्र तिसरे पत्र लिहिले, म्हणावयाचे. १९७१ मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत आले. शेवटच्या काही सेकंदांत चॅपेल हिल एका गुणाने पुढे असताना पंचांनी दोन खेळाडूंमध्ये चेंडू उडविला. चॅपेल हिलचा ली डेडमन ६ फूट १० इंच, साउथ कॅरोलायनाचा केविन जॉइस ६ फूट ३ इंच. सात इंचांचा फरक, आणि उडी जिंकली जॉइसने! त्याने ढकललेला चेंडू टॉम ओवेन्सने अलगद आत टाकला. ५२-५१. त्या एका विजयावर समाधान मानून, आणि पूर्वीच्या साऱ्या कटुतेची गाठोडी बांधून, साउथ कॅरोलायना त्याच उन्हाळ्यात गट सोडून निघून गेली. शिक्षणपात्रतेच्या नियमांवरून आधीपासूनच भांडणे होती, हे खरे. पण १९७० ची ती रात्र कोणी विसरले असेल असे वाटत नाही.

यानंतर आला १९७४ चा अंतिम सामना, ज्याला जुने लोक आजही या गटातील सर्वश्रेष्ठ सामना मानतात. ९ मार्च, ग्रीन्सबरो. एका बाजूस देशात पहिल्या क्रमांकाचा मानलेला स्टेट. आदल्या वर्षी हा संघ २७ सामने खेळून एकही हरला नव्हता. पण खेळाडूभरतीतील नियमभंगाच्या शिक्षेमुळे त्याला राष्ट्रीय स्पर्धेस मुकावे लागले होते. दुसऱ्या बाजूस देशात चौथा मानलेला मेरिलँड. प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल, खेळाडू लेन एल्मोर, टॉम मॅकमिलन, जॉन लुकास. स्टेटकडे गरुडासारखी झेप घेणारा डेव्हिड थॉम्पसन, ५ फूट ७ इंचांचा मॉन्टी टो, आणि ७ फूट ४ इंचांचा टॉम बर्लेसन. टो आणि बर्लेसन शेजारी उभे राहिले की बाप-लेक भासत. गटातील सर्वोत्तम पाच निवडताना त्या वर्षी बर्लेसनऐवजी एल्मोरचे नाव घातले गेले होते. ते बर्लेसनच्या जिव्हारी लागले होते. त्याने त्या रात्री ३८ गुण केले. नियमित वेळ ९७-९७ असा संपला. जादा वेळात स्टेट १०३-१०० असा जिंकला.

त्या रात्री कोणी वाईट खेळले नाही. दोन्ही संघ आपल्या सर्वोत्तम खेळाच्या शिखरावर होते, आणि त्यांतील एकास घरी जाणे भाग होते. सामन्यानंतर ड्रिसेल स्वतः स्टेटच्या बसमध्ये चढले आणि मुलांचे अभिनंदन करून, आता राष्ट्रीय अजिंक्यपदही जिंका म्हणाले, असे सांगतात. त्यांनी ते जिंकलेही. आणि तेही त्याच ग्रीन्सबरोच्या सभागृहात, सलग सात वर्षे अजिंक्य राहिलेल्या यू.सी.एल.ए.ला उपांत्य सामन्यात दोन जादा वेळांनंतर ८०-७७ असे हरवून. मेरिलँडच्या मुलांनी दुसऱ्या एका कनिष्ठ स्पर्धेचे आमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्यास मुभा मिळाली. हे केवळ त्या एका सामन्यामुळे झाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तो सामना पाहिल्यावर जुन्या नियमाची बाजू घेणे कोणासही जड गेले असेल.

नियम बदलला आणि स्पर्धेचा स्वभावही बदलला. जे संघ हंगामभर वर होते, त्यांना आता हरण्याची तेवढी धास्ती उरली नाही. उलट तळाच्या संघांना आशेचे दार उघडे राहिले. १९७६ मध्ये स्पर्धा प्रथमच नॉर्थ कॅरोलायनाबाहेर, लँडोव्हर येथे गेली, आणि सात संघांत सहावा आलेला व्हर्जिनिया तिन्ही बड्यांना लोळवून विजेता झाला. १९८३ मध्ये जिम वॅल्व्हानो यांच्या स्टेटला राष्ट्रीय स्पर्धेत जावयाचे तर ही स्पर्धा जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांनी वेक फॉरेस्टला एका गुणाने, चॅपेल हिलला जादा वेळात आणि व्हर्जिनियाला ८१-७८ असे हरविले, आणि मग सुसाट जात राष्ट्रीय अजिंक्यपदच पटकाविले. त्याआधीच्या वर्षी, १९८२ मध्ये, मायकेल जॉर्डन, जेम्स वर्दी आणि सॅम पर्किन्स हाती असतानाही डीन स्मिथ यांनी अंतिम सामन्यात कित्येक मिनिटे चेंडू नुसता खेळवत ठेवला आणि सामना ४७-४५ असा जिंकला. साऱ्या देशाने टेलिव्हिजनवर ते पाहिले आणि जांभया दिल्या. पुढच्याच हंगामात या गटाने ३० सेकंदांचे घड्याळ प्रयोगादाखल लावले. १९८५-८६ पासून देशभर ४५ सेकंदांचे घड्याळ आले. बारा-दहाचे युग संपले.

नंतरचा विस्तार थोडक्यात सांगतो, कारण त्यात पैशाचा भाग अधिक आणि खेळाचा कमी आहे. जॉर्जिया टेक आले, फ्लोरिडा स्टेट आले, पुढे मायामी, व्हर्जिनिया टेक, बॉस्टन कॉलेज, सिराक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम, लुइव्हिल. आणि १९५३ चा मूळ भागीदार मेरिलँड २०१४ मध्ये बाहेर पडला. २०१७ पासून स्पर्धा मधूनमधून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही भरली. २०२४ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हीही विद्यापीठे सामील झाली. अटलांटिक किनाऱ्याच्या गटात पॅसिफिक किनाऱ्याची विद्यापीठे! आमच्या भूगोलाच्या शिक्षकांना हे दाखविले, तेव्हा ते काही न बोलता नकाशाची गुंडाळी करून निघून गेले. सभासद अठरा झाल्यामुळे २०२५ च्या स्पर्धेत पहिल्या पंधरांनाच प्रवेश मिळाला. म्हणजे ज्या स्पर्धेत सर्वांना पुन्हा एक संधी, तिच्याच दारात तिघांना उभे ठेवावे लागले.

आणि २०२०. १२ मार्च रोजी ग्रीन्सबरो येथे फ्लोरिडा स्टेटचा संघ सामन्यापूर्वीचा सराव करीत मैदानात होता. करोनाच्या साथीमुळे स्पर्धा तेथेच रद्द झाली. रिकाम्या सभागृहात गटाच्या आयुक्तांनी चषक फ्लोरिडा स्टेटच्या हाती दिला, कारण हंगामात तो पहिला आला होता. १९५४ पासून जे तत्त्व या स्पर्धेने मानले नव्हते, ते महामारीने एक दिवसापुरते मानावयास लावले. साउथ कॅरोलायनाच्या १९७० च्या खेळाडूंपैकी जे हयात असतील, त्यांनी ते दृश्य कोणत्या भावनेने पाहिले असेल?

आता पुन्हा त्या रविवारच्या फोनकडे येतो. २०२४ मध्ये स्टेट गटात दहावे आले होते. १७ विजय, १४ पराभव. वॉशिंग्टनमध्ये पाच दिवसांत पाच सामने खेळावयाचे आणि पाचही जिंकावयाचे. लुइव्हिल, सिराक्यूज, ड्यूक. मग उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया शेवटच्या क्षणी तीन गुणांनी पुढे, आणि मायकेल ओकॉनेलने दुरून फेकलेला चेंडू फळीवर आपटून, कड्यावर नाचून, आत पडला. जादा वेळात स्टेट जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी ८४-७६ असे ज्यांना हरविले, ते चॅपेल हिल हंगामभर गटात पहिले होते.

हे सारे आमचा विद्यार्थी बसलेल्या आवाजात सांगत होता. त्याची पत्नी ग्वाल्हेरची. शिकली मात्र चॅपेल हिलला. रॅले आणि चॅपेल हिल यांच्यामध्ये आपल्या इंदूर-देवास इतकेच अंतर असेल, आणि तेवढेच अंतर त्या घरात मार्च महिन्यात बैठकीच्या खोलीत असते, असे दिसते. तिने त्याच्या हातून फोन घेतला. "सर, नमस्कार करते," ती म्हणाली, "तुम्ही मुख्याध्यापक आहात, तुम्हीच सांगा. वर्षभर पहिला नंबर आमचा होता. मग खरे पहिले कोण?"

आम्ही मुलांच्या परीक्षा कधी संपतात, असे विचारले. ती म्हणाली, "सर, उत्तर द्या ना." मागून तो ओरडत होता, "सर, नियम म्हणजे नियम!" आम्ही म्हटले, आवाज नीट येत नाही, आणि चहा निवत होता म्हणून फोन ठेवून दिला.